आईची स्टेरॉइडची गोळी एकदम बंद केली आणि ती कोसळली, मग आता तीच गोळी परत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिकोडी तालुक्यातल्या एका गावातून एका मुलाने आईबद्दल विचारलंय. आई ५८ वर्षांच्या, गुडघेदुखीसाठी चार-पाच वर्षं एका ठिकाणाहून बिननावाच्या गोळ्या आणि पुडी घेत होत्या. दुखणं पहिल्या आठवड्यातच पळालं, पण हळूहळू चेहरा गोल झाला, पोट सुटलं, शुगर निघाली. कुणीतरी सांगितलं की ह्यात स्टेरॉइड आहे, तर घरच्यांनी घाबरून त्याच दिवशी सगळं फेकून दिलं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जेवण तुटलं, उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी यायची, आणि एक दिवस ताप आल्यावर बीपी एकदम ९०/६० च्या खाली, सोडियम १२४, पोटॅशियम नॉर्मल. बेळगावात ॲडमिट केलं, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी उठून चहा मागितला. आता रोज प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी ५ मिलिग्रॅम चालू आहे. मुलगा विचारतो, ज्या औषधाने आईचं वाटोळं केलं तेच परत का देताय, हे आयुष्यभर घ्यायचं का, ॲड्रिनल ग्रंथी बंद पडली म्हणजे कॅन्सर वगैरे आहे का, घरात आणखी कुणाला हे होऊ शकतं का, आणि गुडघ्याचं काय करायचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, बाकी उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. ती ५ मिलिग्रॅमची गोळी तुम्ही स्वतःहून बंद करू नका, एक दिवससुद्धा चुकवू नका. शेजारपाजारचे म्हणतील, पाहुणे म्हणतील की स्टेरॉइड वाईट, सोडून द्या, तरी नाही. आईंना आता जी गोळी चालू आहे ती गुडघ्याचं औषध नाही, शरीरात जो हॉर्मोन तयार व्हायचा बंद झालाय तो तेवढाच बाहेरून भरून देणं चाललंय. आधीचा डोस किती होता कुणालाच माहीत नाही, कारण पुडीवर काही लिहिलेलं नसतं, आणि आताचा डोस मोजून दिलेला आहे, फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

आता हे झालं कसं ते बघू. दोन्ही किडन्यांच्या वर ॲड्रिनल नावाची एकेक छोटी ग्रंथी असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिचं बाहेरचं आवरण तीन थरांचं, आणि आतला गाभा वेगळाच. सगळ्यात वरच्या थरातून ॲल्डोस्टेरॉन येतं, ते मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकतं. मधल्या थरातून कॉर्टिसोल, ह्याच्यावरच आपलं बीपी, उपाशी असताना शुगर टिकणं, आजारपण सोसणं हे सगळं चालतं. सगळ्यात आतल्या थरातून पुरुषी हॉर्मोन थोड्या प्रमाणात, बायकांमध्येही. आणि गाभ्यातून ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन, एकदम घाबरल्यावर छाती धडधडते ती ह्यांच्यामुळे. ह्यातलं कॉर्टिसोल किती बनवायचं हे ग्रंथी स्वतः ठरवत नाही, मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची ग्रंथी आहे ती एसीटीएच नावाचा हॉर्मोन सोडून हुकूम देते. पहाटेपासून वाढत सकाळी सहा ते आठच्या सुमारास कॉर्टिसोल सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्री सगळ्यात कमी, म्हणूनच ही गोळी सकाळी घ्यायला सांगतात.

बाहेरून रोज स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखंच काम करणारं औषध, यायला लागलं की पिट्युटरीला वाटतं रक्तात भरपूर आहे, ती हुकूम सोडायचं बंद करते, आणि हुकूम नाही म्हणून ॲड्रिनलचा मधला थर आकसून जातो. घरात वर्षानुवर्षं बाहेरून डबा येत असेल तर चूल पेटवायची सवयच मोडते, आणि एक दिवस डबा अचानक बंद झाला की घर उपाशी राहतं, तसं आईंचं झालंय. साधारण प्रेडनिसोलोन ४ ते ६ मिलिग्रॅमपेक्षा जास्त डोस तीन-चार आठवड्यांच्या वर गेला की हा धोका सुरू होतो, आणि आईंचे तर चार-पाच वर्षं. म्हणजे ग्रंथीत गाठ नाही, कॅन्सर नाही, ग्रंथी झोपलीय. तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर हे झालं.

रिपोर्टमधली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, पोटॅशियम नॉर्मल होतं. मिठाचा हॉर्मोन, ॲल्डोस्टेरॉन, हा पिट्युटरीच्या हुकमावर फारसा चालत नाही, तो किडनीतून निघणाऱ्या रेनिनच्या साखळीवर चालतो, म्हणून झोपलेल्या ग्रंथीत तो थर शाबूत राहतो आणि पोटॅशियम वाढत नाही. सोडियम मात्र तरीही उतरतं, कारण कॉर्टिसोल नसेल तर शरीर पाणी साठवून ठेवतं आणि रक्तातलं मीठ पातळ होतं. गावाकडे सोडियम कमी आलं की मिठाचं पाणी प्या, पापड-लोणचं खा म्हणून सांगतात, पण कॉर्टिसोल दिल्याशिवाय ते सोडियम नीट वर येत नाही. ज्या वयस्कर माणसाचं सोडियम पुन्हा पुन्हा उतरतंय, भूक नाही, बीपी खाली, त्याचं सकाळी आठचं कॉर्टिसोल एकदा तरी बघायलाच पाहिजे, आणि गुडघे, दमा, खाज, वजन वाढवणं ह्यापैकी कशासाठीही काही घेतलं होतं का हे विचारायलाच पाहिजे. नुसतं 'स्टेरॉइड घेता का' विचारलं तर लोक नाहीच म्हणतात, त्यांना ते माहीतच नसतं. 'कुठली पुडी, कुठलं झाडपाल्याचं चूर्ण, दर आठवड्याला कंबरेवर सुई' असं विचारलं की मग सांगतात, 'होय की डॉक्टर, ते घेतलं की गडी दिवसभर ऊस तोडायला मोकळा हुतोय.'

आणि ते खोटं नाही, स्टेरॉइडने दुखणं खरंच थांबतं. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांध्याच्या वाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली, १९५० मध्ये त्याला नोबेल मिळालं. औषध मोठंच आहे, दमा, किडनीचे आजार, लुपस, कितीतरी लोक त्याच्यावर जगलेत. घात होतो तो नाव न सांगता, डोस न सांगता, वर्षानुवर्षं देण्याने. खानापूरकडे भात लावणीत दिवसभर पाण्यात वाकून उभ्या राहिलेल्या बायका, अथणी-रायबागकडचे ऊसतोड करणारे, ह्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचंच असतं आणि पुडी दहा-वीस रुपयांत मिळते. त्या माणसांना दोष देऊन काही मिळत नाही. देणाऱ्याने मात्र काय देतो ते कागदावर लिहून द्यावं, एवढी साधी मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे.

चेहरा गोल होणं, मानेमागे चरबी, पोटावर जांभळे रुंद पट्टे, कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं, आणि बसल्यावर उठता न येणं, हे सगळं कॉर्टिसोल जास्त झाल्याचं लक्षण, ह्याला कुशिंग म्हणतात, हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. आईंना आधी हे झालं आणि मग बंद केल्यावर एकदम उलटं, कमी. एकाच बाईला चार आठवड्यांच्या आत दोन्ही टोकं. काही लोकांत कुशिंग औषधाशिवायही होतो, पिट्युटरीत किंवा ॲड्रिनलमध्ये छोटी गाठ असते म्हणून. तेव्हा रात्री अकराला डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड १ मिलिग्रॅम देऊन सकाळी आठला कॉर्टिसोल बघतात, ते १.८ मायक्रोग्रॅम पर डेसिलिटरच्या खाली गेलं तर सहसा कुशिंगचा प्रश्न मिटतो. पण ही टेस्ट बाहेरचं स्टेरॉइड चालू असताना करून उपयोग नाही, आधी पुडीचा इतिहास काढायचा.

आता आयुष्यभर घ्यायचं का. बऱ्याच जणांना नाही. महिने लागतात, काहींना वर्ष किंवा त्याहून जास्त, थोड्या लोकांची ग्रंथी पूर्ण जागी होत नाही हेही खरं. पद्धत अशी असते की ५ मिलिग्रॅमवर काही आठवडे स्थिर ठेवायचं, मग साधारण महिन्याला १ मिलिग्रॅमच्या हिशोबाने कमी करत जायचं, आणि मधे सकाळी आठचं कॉर्टिसोल बघायचं. टेस्टच्या दिवशी एक गोष्ट पाळा, आदल्या दिवशी सकाळची गोळी घ्या आणि टेस्टच्या दिवशी रक्त दिल्यानंतरच त्या दिवशीची गोळी घ्या, कारण प्रेडनिसोलोन काही लॅबच्या मशीनमध्ये कॉर्टिसोल म्हणूनच मोजलं जातं आणि रिपोर्ट फुगून येतो. रक्त देऊन झालं की तिथेच पाण्याबरोबर गोळी घ्यायची, घरी येईपर्यंत थांबायचं नाही. आकडा १० च्या वर आला तर ग्रंथी जागी झाली असं धरून सुरक्षितपणे बंद करता येतं, ५ च्या खाली असेल तर अजून थांबायचं, मधे असेल तर तोच डोस ठेवून काही आठवड्यांनी परत बघायचं. हे आकडे मायक्रोग्रॅम पर डेसिलिटरमधले आहेत, काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथे २७६ म्हणजे आपले १०, घाबरू नका.

कमी करताना आईंचं अंग दुखेल, मूड जाईल, सकाळी उठवणार नाही, जुना गुडघाही परत बोलायला लागेल. ह्यात बऱ्याचदा कॉर्टिसोल ठीक असूनही शरीराला जास्त डोसची सवय लागलेली असते म्हणून हा त्रास होतो. अशा वेळी पुडी परत आणून देऊ नका. एक पायरी वर जाऊन अजून महिनाभर थांबायचं, एवढंच.

आता सगळ्यात जास्त जीव ज्यात अडकलाय ते सांगतो, तापाचे आणि उलटीचे दिवस. निरोगी माणसाला ताप आला की कॉर्टिसोल दुप्पट-तिप्पट आपोआप वाढतं, आईंचं वाढत नाही. म्हणून ताप, जुलाब, मोठी जखम, दात काढणं अशा वेळी डोस दुप्पट करायचा, आईंच्या बाबतीत ५ सकाळी आणि ५ संध्याकाळी, बरं वाटेपर्यंत दोन-तीन दिवस, मग परत ५ वर. उलटीत गोळी पोटात टिकत नसेल तर वाट बघायची नाही, अर्ध्या तासात गोळी बाहेर पडली तर एकदा परत द्या, तीही पडली तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन आणि सलाइन. हे इंजेक्शन महाग नाही, ॲलर्जीसाठी आणि दम्यासाठी वापरतात म्हणून बहुतेक सरकारी दवाखान्यांत असतं, पण तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज जाऊन विचारून या, आहे का, रात्री कोण असतं. एक व्हायल आणि सिरिंज घरी ठेवा, आणि मांडीत कसं टोचायचं हे सिस्टरकडून मुलाने किंवा सुनेने शिकून घ्या, अवघड नाही. साखर आहे म्हणून इंजेक्शन द्यायला कुणी कचरत असेल तर सांगा, शुगर नंतर बघता येईल, आधी बीपी.

आईंच्या पर्समध्ये एक कार्ड ठेवा, आणि आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे म्हणून मुद्दाम लिहितोय, ते मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, तिन्ही भाषांत लिहा. आपली माणसं घरात मराठी बोलतात, १०८ च्या गाडीतला स्टाफ बहुतेक कन्नड वाचतो, बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात इंग्रजी, आणि निपाणी-संकेश्वरकडचे लोक घाईत कोल्हापूर किंवा मिरजेलाही पळतात. मजकूर फक्त एवढाच, 'स्टेरॉइड अवलंबून रुग्ण, बेशुद्ध किंवा उलट्या असल्यास ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून किंवा मांडीत'. सौंदत्तीला यल्लम्माला किंवा पंढरपूरला जाणार असतील तर गोळ्यांची एक पट्टी बॅगेत आणि दुसरी कुणा दुसऱ्याच्या बॅगेत. एकादशी-नवरात्रीचा उपवास करायचा असेल तर गोळी मात्र सकाळी खिचडी-भगरीबरोबर घ्यायचीच.

आता ॲड्रिनलचे बाकीचे आजार, कारण तुम्ही विचारलंय की घरात आणखी कुणाला हे होऊ शकतं का. आईंचं तर तुम्हाला लागणार नाही. पण ग्रंथी खरोखर नासते तो आजार वेगळा, १८५५ मध्ये लंडनच्या डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी लिहिला, आणि त्यांच्या काळात त्याचं मोठं कारण टीबी होतं. आपल्याकडे आजही आहे. इथे तिन्ही थर जातात, म्हणून पोटॅशियमही वाढतं, आणि पिट्युटरी ओरडून ओरडून हुकूम सोडते त्यामुळे कातडी काळी पडते. बिडी वळणाऱ्या घरातली एक बाई आठवतात, घरचे म्हणत होते उन्हाने काळी पडलीय, पण त्या तर दिवसभर सावलीत बसून काम करायच्या. मी तळहात उघडून बघितले, रेषा शाईने काढल्यासारख्या काळ्या, हिरड्यांवर काळे डाग, जुन्या भाजल्याचा व्रण काळा. जेवत नव्हत्या पण लोणच्याचा खार वाटीने प्यायच्या, घरच्यांना ती खोड वाटायची. आपल्या सावळ्या रंगात हा आजार असाच नजरेतून सुटतो, म्हणून तळहात, हिरड्या आणि बोटांचे पेर बघायचे आणि सख्ख्या बहिणीशी तुलना करायची. ह्या लोकांना मात्र गोळी आयुष्यभर, हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम विभागून आणि मिठासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन. टीबीचं औषध सुरू असेल तर त्यातलं रिफाम्पिसिन शरीरातलं स्टेरॉइड लवकर मोडून टाकतं, डोस वाढवावा लागतो, आणि थायरॉइडही कमी असेल तर आधी कॉर्टिसोल भरायचं मग थायरॉइडची गोळी, उलटं केलं तर माणूस कोसळतो.

मिठाचा हॉर्मोन जास्त झाला तर बीपी वाढतं. चाळिशीच्या आत बीपी, किंवा तीन गोळ्या घेऊनही खाली येत नाही, किंवा पोटॅशियम कमी, अशांनी ॲल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकदा बघून घ्यावं, बीपीच्या दर शंभरातल्या पाच-दहा लोकांत हे निघतं आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या स्वस्त गोळीने किंवा एका बाजूची गाठ काढून सुधारतं. गाभ्याची गाठ म्हणजे फिओक्रोमोसायटोमा, कमी लोकांत, डोकेदुखी-घाम-धडधड झटक्याने येते आणि जाते, तिथे आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) न देता बीटा ब्लॉकर (धडधड कमी करणारं औषध) दिला तर बीपी भडकतं.

लहान मुलांचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे मामाची पोर करायची पद्धत अजून चालू आहे, आणि जन्मजात ॲड्रिनलचा दोष, ज्यात २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम नसतं, तो आईबाप दोघांकडून आला तरच होतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो. जन्मल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढत नाही, सारखं ओकतं, वजन उतरतं, सुकतं, आणि सोडियम कमी पोटॅशियम जास्त, तर त्याच्या रक्तातलं १७-ओएचपी नावाचं हॉर्मोन तपासा. मुलगी असेल तर जन्मतःच लैंगिक अवयव वेगळे दिसतात, घरचे लाजेने झाकून ठेवतात, मुलगा दिसायला नॉर्मल असतो म्हणून तोच जास्त दगावतो. आधी एखादं बाळ असंच 'जुलाबाने' गेलं असेल तर पुढच्या बाळाच्या वेळी हे नक्की सांगा.

'ॲड्रिनल फटीग'च्या नावाने थकव्याचे पावडर-कॅप्सूल मोबाइलवर विकतात, असा कुठलाही आजार वैद्यकात सिद्ध नाही. थकवा खरा असतो, त्याचं कारण हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, झोप ह्यांत शोधा.

शेवटी गुडघा, कारण तो सोडवला नाही तर आई परत त्याच दारात जाणार आणि त्यांना कोण अडवणार. उभ्याने एक्सरे काढा. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये चालते, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्टेरॉइडबरोबर पोटाला आणि किडनीला जड, त्या स्वतःहून नकोत. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम, खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा मोजायचं, रोज दोनदा, हे कंटाळवाणं वाटतं पण स्टेरॉइडने खाल्लेला स्नायू ह्यानेच परत येतो. जमिनीवर बसून भाकऱ्या थापणं बंद, ओटा करून द्या, संडासही कमोडचा. हाडांची डेक्सा तपासणी करून घ्या, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बघा, इतकी वर्षं स्टेरॉइड घेतल्यावर मणका नुसत्या घागरीने दबतो. आणि गुडघा बदलायची वेळ आली तर करता येतं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते कार्ड दाखवायचं, ऑपरेशनच्या सुरुवातीला हायड्रोकॉर्टिसोन १०० आणि पुढच्या २४ तासांत २०० मिलिग्रॅम ड्रिपमधून चालवतात, मग हळूहळू घरच्या डोसवर आणतात. तारीख ठरवण्याआधी सकाळी आठचं कॉर्टिसोल, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि सोडियम-पोटॅशियम एवढे तीन रिपोर्ट हातात असू द्या.